आजोबांचा एडका विकायचाय (१९५१ डॉज किंग्सवे, मिरज): किंमत, कागद, रंग, सगळ्यावर सल्ला हवा

मिरजेचा_नातू
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. मिरजेच्या घरी आजोबांची १९५१ची डॉज किंग्सवे आहे. घरात तिला डॉज कुणी म्हणत नाही, बॉनेटच्या टोकावर झेप घेणारा क्रोमचा मेंढा होता म्हणून सगळे एडकाच म्हणतात, "एडका काढ", "एडक्याला पाणी मार" असं. आजोबा वकील. १९६३ साली मुंबईच्या एका डॉक्टरांकडनं घेतली, नंबर अजून तोच जुना बीएमवाय सिरीजचा. पुढं रोज मिरज ते सांगली कोर्ट याच गाडीनं. १९९४ला पासिंग संपलं ते परत केलंच नाही, ९६ला आजोबा गेले, मग बाबा दर रविवारी चालू करून कंपाऊंडमध्ये चार हात पुढं चार हात मागं घ्यायचे आणि पुसून ठेवायचे. गेल्या वर्षी बाबाही गेले. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला, आई एकटी त्या मोठ्या घरात, आता जागा डेव्हलपमेंटला द्यायचं ठरलंय आणि एडक्याला ठेवायला फ्लॅटच्या पार्किंगमध्ये जागा नाही, सरळ गोष्ट आहे.

गाडी साडेतीन लिटरच्या वरची सहा सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढं एकच लांब सीट. चालू आहे. रंग गर्द हिरवा, बहुतेक पहिलाच, टपावर आणि डाव्या मडगार्डवर उडालाय. गंज नाही, फक्त डिकीत स्टेपनीखाली रुपयाएवढं भोक. काचा सगळ्या मूळच्या. मीटरला फक्त २३,४१७ मैल!

परवा एक एजंट येऊन गेला. म्हणाला साडेचार लाख रोख, उद्याच उचलतो, कागदाचं मी बघतो. वर म्हणाला रंग मारून घेतलात तर अजून लाखभर देईन. तर विचारायचं हे की किंमत काय असावी, रंग मारावा का आणि कागदाचं नक्की काय करायचं.

कार्ब्युरेटर
पहिलं वाक्य: रंग मारू नका.
दुसरं वाक्य: रंग मारू नका.
बाकीचं जेवून आल्यावर लिहितो.

निवांत_
वाचनखूण साठवली. फोटो टाका हो, फोटोशिवाय असले धागे म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

दादरकर
किंग्सवे!! आमचे काका कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ला कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि ४७ पासून तिकडनं खोक्यांत सुटे भाग येऊन कुर्ल्यात गाड्या जोडल्या जायच्या. तुमचीही तशीच कुर्ल्यात जोडलेली असणार. गंमत म्हणजे तेव्हा डॉज, प्लायमाउथ आणि डीसोटो या नावांनी जवळजवळ एकच गाडी विकायचे, तोंड बदललं की नाव बदललं. काका म्हणायचे तीन सुना, माहेर एकच. आता त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, पण रस्त्याला लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात.

मुक्काम_मिशिगन
इथे डेट्रॉईटजवळ राहतो म्हणून राहवलं नाही. किंग्सवे हे नाव इथल्या लोकांना ओळखीचं नाही कारण ती इथे विकायला नव्हतीच, बाहेरच्या देशांसाठीची गाडी, खाली सगळी प्लायमाउथ आणि वर डॉजचं तोंड. कॅनडावाले असल्या गाड्यांना चेष्टेनं 'प्लॉज' म्हणतात. रंगाबद्दल कार्ब्युरेटर यांना +१. इकडे न रंगवलेल्या, न उघडलेल्या गाडीला 'सर्व्हायव्हर' म्हणतात आणि प्रदर्शनात त्यांचा वर्गच वेगळा असतो, उडालेला रंग असला तरी चालतो, उलट तो बघायलाच लोक येतात. रंगवलेली गाडी दिसली की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, खाली काय झाकलंय?

कार्ब्युरेटर
आलो. हां, तर हेच लिहिणार होतो. आपल्याकडं गंजावर लांबी (पुट्टी) भरून वर चकचकीत रंग मारलेल्या इतक्या गाड्या विकल्या गेल्यात की जाणकार माणूस खिशात लोहचुंबक घेऊनच फिरतो, दाराच्या खालच्या कडेला लावतो, चिकटलं नाही की आत लांबी. तुमच्या गाडीचा उडालेला रंग हाच पुरावा आहे की खाली पत्रा आहे. दोन दिवस नुसतं पाणी आणि मऊ फडकं, पॉलिशसुद्धा नको.

आता एक टोचणारा प्रश्न, राग मानू नका. त्या गाडीचा मीटर पाच आकड्यांचा असतो. ९९,९९९ झाले की परत शून्य. रोज मिरज-सांगली जाऊन येऊन धरा १२ मैल, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ३,६०० मैल, नुसत्या ६३ ते ७९ एवढ्या काळातच ५७-५८ हजार होतात. २३ हजार कसे? ब्रेकच्या पायडलच्या रबराचा फोटो टाका.

चहाबिस्किट
कार्ब्युरेटर बुवा म्हणजे वधूपरीक्षेला आलेला मुलाचा मामा!! हलकं घ्या.

पिंट्या_मेकॅनिक
दादा मी इस्लामपूरचा, वडलांच्या गॅरेजात तीन डॉज बघितल्यात. काही गोष्टी सांगून ठेवतो, गिऱ्हाईक आलं की तुम्हाला माहीत पाहिजेत. एक म्हणजे डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. आमच्या इथं एका टायरवाल्यानं लांब पाईप लावून नेहमीसारखे फिरवले, दोन तोडले आणि वर म्हणतो गाडी जाम आहे. बोल्टच्या डोक्यावर 'एल' कोरलेलं असतंय ते बघायचं. दुसरं, बॅटरी ६ व्होल्टची आणि प्लस बॉडीला असतोय, आत्ताच्या गाड्यांच्या बरोब्बर उलटा, नव्या पोराला सांगितलं नाही तर तो 'चूक' दुरुस्त करून जातो. तिसरं, हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर असतो, उतारावर त्याच्या भरवशावर सोडू नका. आणि पुढच्या प्रत्येक चाकाला ब्रेकचे दोन-दोन सिलिंडर, म्हणजे एकूण सहा, एक जरी झिरपत असला तरी पायडल स्पंजागत होतोय. चालू आहे म्हणताय ते ठीक, थांबते का ते बघा.

मिरजेचा_नातू
पिंट्याभाऊ, उलट्या आट्याचं वाचून आई खदाखदा हसली. आजोबांना आजी हेच म्हणायची, "उलट्या आट्याचा माणूस". आम्हाला वाटायचं म्हण आहे, गाडीवरनं आलंय हे आज कळलं.

सेल्फचा त्रास आहे खरा, रडत रडत फिरतो. बॅटरी ६ व्होल्टचीच आहे, बाबा मिरजेत एकाकडनं ऑर्डर देऊन बनवून घ्यायचे. एजंट म्हणाला १२ व्होल्टवर करून टाका.

मीटरचं बघतो. आजोबांची एक वही आहे गाडीची, कपाटावर ट्रंकेत असेल. शनिवारी मिरजेला चाललोय.

पिंट्या_मेकॅनिक
१२ वर करू नका दादा. केबल बघा, कुणीतरी मारुतीची बारीक केबल लावली असणार. ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड पाहिजे, ती घाला आणि अर्थिंगची जागा घासा, ढणाढण फिरंल. आणि टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतंय, त्यात जुना रबरी डायफ्राम टिकत नाही, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा किट बदलून ठेवा.

मुक्काम_मिशिगन
किट, गॅस्केट इकडनं पाठवू शकतो, इथे अजून नवीन मिळतात. पण आधी फूटपट्टी घेऊन इंजिनचं हेड मोजा. अमेरिकेतल्या डॉज-प्लायमाउथचा ब्लॉक साधारण २३ इंची आणि कॅनडातला २५ इंची, दिसायला सारखे, गॅस्केट एकाचं दुसऱ्याला बसत नाही. खोकी कुठनं आली होती त्यावर आहे. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढच्या टोकाशी, जनरेटरच्या वर ठोकलेला असतो, तो आरसी बुकाशी जुळतो का बघा. तिथे ओलं फडकं फिरवा, तारेचा ब्रश लावू नका, ठोकलेला आकडा घासला गेला तर घेणारा संशय घेतो.

वकीलीणबाई
सगळे नटबोल्टात रमलेत म्हणून मी कागदाचं लिहिते. गाडी आजोबांच्या नावावर, ते १९९६ला वारले, म्हणजे आजच्या घडीला ती विकायचा अधिकार तुम्हाला एकट्याला नाही. आजोबांना बाबांखेरीज अजून कोण मुलं आहेत? मुलगी असेल तरी वारसच, "ती दिल्या घरची" वगैरे कायद्यात चालत नाही. आधी सगळ्या वारसांची संमती, प्रतिज्ञापत्रावर, मग मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा फॉर्म ३१. गाडी तुमच्या किंवा आईंच्या नावावर आली की मग विक्रीचे २९ आणि ३०. घेणारा राज्याबाहेरचा असेल तर फॉर्म २८ची एनओसी. आणि इतक्या जुन्या पुस्तकाची माहिती ऑनलाईन नसणारच, त्यासाठी आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागेल, त्याला चपला झिजवायची तयारी ठेवा.

एजंट "कागदाचं मी बघतो" म्हणतोय याचा अर्थ तो काहीही बघणार नाही, गाडी आजोबांच्याच नावावर फिरणार, उद्या कुठे अपघात झाला की पोलीस मिरजेच्या पत्त्यावर. आणि रोख साडेचार लाख बिलकुल घेऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, जितकी रक्कम तितका.

निवांत_
बाप रे, हे माहीत नव्हतं. ताई, अशा विक्रीवर इन्कम टॅक्स?

वकीलीणबाई
स्वतःच्या घरगुती वापराची मोटार भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे फायद्यावर कर नाही. धंद्याला लावलेली असेल तर गणित वेगळं. यांची तर घरचीच आहे.

बंड्या_पुणेकर
१५ वर्षांवरची गाडी आता स्क्रॅपच करावी लागते ना? उगाच कशाला एवढी चर्चा.

कार्ब्युरेटर
नाही हो. तो सरसकट बंदीचा गोंधळ दिल्लीचा. आपल्याकडं १५ वर्षांनंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची असते. शिवाय जुलै २०२१ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढलेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी, म्हणजे चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली, त्यात बसते. नव्यानं नोंदणी केली तर २०,००० रुपये, १० वर्षं चालते, मग पुढं ५,०००. नवीन नंबरला 'व्हीए' अशी अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नातूसाहेब, तुमचा बीएमवाय जपा, त्या पाटीसाठी लोक वेडे होतात.

मात्र एक लक्षात घ्या, व्हिंटेज म्हणून नोंद झाली की रोजच्या वापराला आणि धंद्याला गाडी काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. विकली तर घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं ९० दिवसांत कळवायचं. (क्लबातले लोक ५१च्या गाडीला व्हिंटेज म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात, त्यांच्या हिशेबी ती क्लासिक, व्हिंटेज म्हणजे १९३०पर्यंतची. सरकारला तेवढं सोवळं नाही.)

मडगावकर
मी गोव्यात लग्नाला गाड्या देतो. छप्पर कापून ओपन केली आणि पांढरा रंग मारला तर सीझनला चांगली कमाई आहे. विकायची असेल तर बोला, आजच्या आज येतो.

दादरकर
छप्पर कापून??? देवा.

पिंट्या_मेकॅनिक
आमच्याकडं एक शेवरलेट आली होती तशी कापलेली. छप्पर गेल्यावर बॉडीला आधारच राहत नाही, दारं बंद होईनात, नवरा-नवरी बसल्यावर मागचं दार आपोआप उघडायचं. वरनं मॅटाडोरचं डिझेल इंजिन. बँडपेक्षा गाडीचाच आवाज जास्त.

मडगावकर
अहो पण जी गाडी रस्त्यावर फिरते ती जगते, गोठ्यात ठेवून पूजा करून काय उपयोग. असो, नको तर नको, राग नाही.

चहाबिस्किट
मडगावकरांचं अर्धं म्हणणं मला पटतं आणि अर्ध्यानं पोटात गोळा आला.

मिरजेचा_नातू
मिरजेहून लिहितोय. वही सापडली. वही म्हणजे काय, वकिली चोपडी आहे, लाल कापडी पुठ्ठा, आत १९६३ पासून ९४ पर्यंत प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑईल, प्रत्येक पंक्चर, समोर मीटरचा आकडा. पहिल्या पानावर "गाडी ताब्यात घेतली, मीटर ३८,२०६". मी पानं उलटत होतो, आकडा वाढत वाढत ७० हजार, ८०, ९०, आणि माझ्या पोटात तेव्हाच खड्डा पडायला लागला. १९७९च्या नोव्हेंबरातली नोंद जशीच्या तशी:

"मीटर ०००००. नारळ १. पेढे पाव किलो. ड्रायव्हर नाही, स्वतः चालवीत होतो."

म्हणजे गाडी २३ हजार नाही, १,२३,४१७ मैल चाललीय. कार्ब्युरेटर, तुम्ही १९७९ हे साल कुठनं काढलंत? आणि पायडलच्या रबराचं विचाराल तर उजव्या कोपऱ्यात लोखंड दिसतंय.

भाऊ म्हणतोय वही दाखवायची गरजच काय, मीटर दिसतो तसा दिसतो. खरं सांगायचं तर अर्धा तास मलाही वाटलं तसं.

कार्ब्युरेटर
१९७९ हा निव्वळ योगायोग हो, हिशेबाला एक साल लागतं म्हणून टाकलं होतं. नारळ वाचून मात्र अंगावर काटा आला.

आता माझं ऐका. वही लपवू नका, वहीच पुढं करा. घेणारा कच्चा असेल तर तो २३ हजारावर खूश होईल, पण कच्चा माणूस पैसे कमी देतो. पक्का माणूस पायडल बघून दोन मिनिटांत ओळखणार की आकडा फिरलाय, आणि मग तो तुमच्या बाकीच्या शब्दावर पण विश्वास ठेवणार नाही, रंग मूळचा म्हणालात तरी नाही. उलट ३१ वर्षांची एका हातची नोंद असलेली गाडी मी माझ्या उभ्या आयुष्यात दोनदा बघितलीय. त्या इंजिनला सव्वा लाख मैल म्हणजे काही फार नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून सहाही सिलिंडरचे आकडे जाहिरातीत लिहा, काम संपलं.

मुक्काम_मिशिगन
अगदी. मी इथे माझी ६६ची मस्टँग विकली तेव्हा गिऱ्हाईक गाडीखाली दहा मिनिटं होतं आणि बिलांच्या फायलीत पाऊण तास. आमच्याकडे टायटलचा एक कागद सही करून दिला की गाडी त्याची, तुमच्यासारखे २९, ३०, ३१ नाहीत, पण माणसाची नजर सगळीकडे सारखीच.

वकीलीणबाई
नातू, लेखी जाहिरातीत २३ हजार लिहून वही घरात असल्याचं पुढे सिद्ध झालं तर ती फसवणूकच. भावाला माझ्याकडून सांगा.

मिरजेचा_नातू
सांगितलं. भाऊ म्हणाला, बाईंची फी किती?

कागदाची नवीन भानगड. मला दोन आत्या. धाकटी मिरजेतच, लगेच सही करते म्हणाली. मोठी बेळगावला, वय ८१, ती म्हणते सही देणार नाही. तिची वरात याच गाडीतनं निघाली होती, अंकलीच्या पुलावर गाडी तापून बंद पडली आणि नवरदेवानं उतरून नदीचं पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. "त्या दिवशी माणूस कळला मला, गाडी कशी विकताय" म्हणून फोनवरच रडली.

निवांत_
आत्यांना गाडीत बसवून एक चक्कर मारा राव, मग सही मागा.

वकीलीणबाई
चक्कर कंपाऊंडच्या आत मारा. पासिंग नाही, इन्शुरन्स नाही, रस्त्यावर नको.

दादरकर
ताई म्हणजे ताई.

चहाबिस्किट
अवांतर: बॉनेटवरचा एडका "होता" म्हणालात, त्याचं पुढं काय झालं ते राहिलंच की.

मिरजेचा_नातू
हो, राहिलंच. १९८४ला आंधळी कोशिंबीर खेळताना भावाचं कपाळ त्या मेंढ्याच्या शिंगावर आपटलं, तीन टाके. आजीनं त्याच संध्याकाळी तो काढायला लावला आणि जुन्या धोतरात गुंडाळून कुठंतरी ठेवला. बॉनेटवर तेव्हापासून दोन भोकं आणि त्यात बुच. मेंढा घरात असणार एवढं नक्की, कारण आजीनं आयुष्यात काही टाकलं नाही.

कार्ब्युरेटर
अहो हे आधी सांगायचं! शोधा. मूळचा मेंढा असलेली आणि नसलेली गाडी यात घेणाऱ्याच्या डोळ्यात फरक पडतो. चोरबाजारात मिळतो, पण तो कुठल्यातरी दुसऱ्या सालचा असतो, भोकं जुळत नाहीत.

मिरजेचा_नातू
तीन आठवड्यांनी अपडेट. थोडं लांबलंय.

पिंट्याभाऊ स्वतः इस्लामपूरहून आले, पैसे घ्यायला तयार नाहीत, आईनं जबरदस्तीनं दिले आणि वर मसाल्याचा डबा. केबल खरोखर बारीक होती. जाड घातली, किल्ली फिरवली आणि सेल्फ असा फिरला की आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली, "हे कोण आलं?" हेड मोजलं, २३ इंची निघालं. पंपाचा किट मिशिगनहून आला, त्या गृहस्थांनी आत दोन ६ व्होल्टचे बल्ब जास्तीचे टाकले होते. पुढचा एक ब्रेक सिलिंडर झिरपत निघाला. इंजिन नंबर पुस्तकाशी जुळला, एक आकडा सोडून! पुस्तकात कारकुनानं ३चा ८ केलाय. त्याचं आता वेगळं प्रकरण सुरू.

मोठी आत्या आली, तिच्या नातवाबरोबर. पुढच्या सीटवर बसली, काच खाली केली, तो हँडल फिरवताना जो कर्र आवाज येतो तो आला. कंपाऊंडमध्ये तीन फेऱ्या मारल्या, फाटकापासून आंब्यापर्यंत, गिअर पहिला आणि रिव्हर्स एवढेच. उतरली आणि म्हणाली सीट तेव्हा इतकी खोल नव्हती. मग सही केली. एकच अट, छप्पर कापणाऱ्याला द्यायची नाही. (मडगावकर, नाव तुमचं घेतलं नाही हो.)

जाहिरात इथं कार्ब्युरेटरांनी दुरुस्त करून दिली तशीच टाकली, १,२३,४१७ मैल, मीटर १९७९ला फिरलेला, वहीच्या त्या पानाचा फोटो, डिकीतल्या भोकाचा फोटो, सहा सिलिंडरचे आकडे. पहिल्या दिवशी चौदा फोन. त्यातले नऊ "लास्ट प्राईस?" एकानं सांगितलं मी आर्मीत आहे, गाडी न बघता घेतो, टोकन पाठवतो फक्त हा क्यूआर स्कॅन करा. दोघांनी पुराचं विचारलं, २०१९ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं ते सगळ्यांच्या डोक्यात आहे. आमचं घर मिरजेत उंचावर, पाणी आलं नव्हतं, तरी एकानं गालिचा उचलून खालचा पत्रा बघितलाच, मला ते आवडलं.

निवांत_
क्यूआरवाला आर्मीमॅन सगळीकडे असतोच. मी सोफा विकत होतो तेव्हा पण होता.

मिरजेचा_नातू
गिऱ्हाईक नक्की झालं. नाशिकचे आहेत, साठीचे, स्वतःचं लेथ मशीनचं वर्कशॉप. गाडीखाली घोंगडं टाकून झोपले, वर आले, काही बोलले नाहीत. मग वही मागितली आणि ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतली, आईनं दोनदा चहा दिला. नारळाच्या पानावर आले तेव्हा हसले आणि मग पहिल्यांदा आकडा बोलले. आकडा इथं लिहीत नाही, भावाची सक्त ताकीद आहे. एजंटच्या आकड्याच्या बराच वर, आणि सगळा बँकेतनं. राज्यातल्या राज्यात असल्यामुळं एनओसी नको. गाडी आईच्या नावावर चढली की मग त्यांच्या, तोवर गाडी इथंच, त्यांनी थोडे पैसे आधी दिलेत, वकीलीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे करार करून.

त्यांनी एकच विचारलं, बॉनेटवरची बुचं कशाची?

कार्ब्युरेटर
अभिनंदन. आणि बघा, विचारलंच की नाही.

बंड्या_पुणेकर
मी स्क्रॅप म्हणालो होतो ते शब्द मागे घेतो. पण आकडा सांगा की, नुसतं "बराच वर" काय.

मुक्काम_मिशिगन
बंड्या, आकडा आम्हाला पण हवाय पण भावाच्या कपाळावरचे तीन टाके लक्षात ठेवा, तो माणूस आधीच दुखावलेला आहे.

मिरजेचा_नातू
दोन महिन्यांनी, शेवटचं. ३चा ८ दुरुस्त व्हायला पाच खेपा लागल्या पण झाला. परवा ट्रक आला, गाडी चढवताना मी ड्रायव्हरला हँडब्रेकवर विसंबू नको म्हणून तीनदा सांगितलं, चाकांना ठोकळे लावले, चारी बाजूंनी पट्टे आवळले. गेली. कंपाऊंडमध्ये ऑईलचा डाग राहिलाय, चहाच्या बशीएवढा.

आणि आज आई माळा आवरत होती घर रिकामं करायचं म्हणून. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीत, धोतराच्या तुकड्यात मेंढा! म्हणजे गेली चाळीस वर्षं गौरी बसल्या की शेजारी एडका पण असायचाच. क्रोम अजून असा की आईनं त्यात स्वतःचं तोंड बघितलं.

नाशिकला फोन केला, म्हटलं कुरिअर करतो. ते म्हणाले कुरिअर अजिबात नको, मी स्वतः येतो न्यायला. भाऊ म्हणतोय मेंढा व्यवहारात ठरला नव्हता, आपण ठेवून घेऊ, टाके माझ्या कपाळाला पडलेत. आईनं दोघांनाही रविवारी जेवायला बोलावलंय.

चहाबिस्किट
मेंढ्याचा फोटो?

वकीलीणबाई
भावाला सांगा, करारात "सर्व मूळ सुट्या भागांसह" असं मीच लिहायला लावलं होतं.

मिरजेचा_नातू
भावानं हे वाचलंय. तो आता फी विचारत नाहीये.